धर्मवर्ग शाळेबाहेर, श्रेयांक शाळेच्या गुणपत्रिकेत : अमेरिकेतील ‘रिलीज्ड टाइम’ आणि त्यातून आपण काय समजून घ्यावे

सरकारी शाळेत शिकणारी एक मुलगी. दुपारच्या एका तासाला ती पालकांच्या लेखी परवानगीने शाळेबाहेर पडते, जवळच्या चर्चच्या इमारतीत जाऊन बायबल शिकते आणि पुढच्या तासाला वर्गात परत येते. अमेरिकेत याला ‘रिलीज्ड टाइम’ म्हणतात. शाळेच्या वेळेत धर्मशिक्षणासाठी दिलेली ही मोकळीक तेथे शंभर वर्षांहून जुनी आहे आणि काही अटींवर ती घटनेच्या चौकटीत बसते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच ठरवले.

नंतर प्रश्न एक पायरी पुढे गेला. त्या धर्मवर्गात मिळालेले गुण सरकारी शाळेच्या गुणपत्रिकेत धरायचे का? पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, ते मोजायचे का? काही राज्यांनी ‘हो’ असे उत्तर दिले आहे. आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘श्रेयांक’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. विहारातल्या धम्मवर्गाला शैक्षणिक मान्यता मिळावी, असे कार्यकर्त्यांच्या बैठकांत अधूनमधून बोलले जाते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे उपयोगाचे आहे.

श्रेयांक म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत माध्यमिक शाळेची शेवटची चार वर्षे ‘हायस्कूल’ म्हणून ओळखली जातात. तेथून उत्तीर्ण होण्यासाठी ठरावीक संख्येने श्रेयांक लागतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांचे श्रेयांक सक्तीचे असतात आणि उरलेले ऐच्छिक विषयांतून मिळवायचे असतात. एक विषय वर्षभर रोज एक तास शिकला की साधारणपणे एक श्रेयांक मिळतो. संगीत, चित्रकला, सुतारकाम, एखादी परकीय भाषा असे ऐच्छिक विषय असतात. या विषयांचे गुण सहसा सरासरीत धरले जातात आणि त्या सरासरीवर महाविद्यालयातील प्रवेश व शिष्यवृत्ती अवलंबून असते. म्हणजे श्रेयांक देणे हे नुसते कौतुक नाही. विद्यार्थ्याने इतके शिकले, या विधानाखाली राज्याची सही होते. वादाचे मूळ या सहीत आहे.

सुरुवात कशी झाली?

१९१२ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे ग्रॅनाइट हायस्कूलजवळ मॉर्मन चर्चने आपली पहिली ‘सेमिनरी’ सुरू केली. शाळेतील मुले दिवसातला एक तास तेथे जाऊन धर्म शिकत. १९१४ मध्ये इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीत शाळांचे अधीक्षक विल्यम वर्ट यांनी शाळेच्या वेळापत्रकातच अशी सोय केली. तेथून ही पद्धत इतर राज्यांत पसरली.

त्या काळी अनेक सरकारी शाळांत प्रार्थना आणि बायबलचे वाचन सर्रास चाले. त्यामुळे आठवड्यातून एक तास चर्चच्या शिक्षकांना देण्यात कुणाला फारसे वावगे वाटले नाही. ते वावगे कसे आहे, हे एका शाळकरी मुलाच्या अनुभवाने देशासमोर आले.

१९४८ : वर्गात एकटा उरलेला मुलगा

इलिनॉय राज्यातील शँपेन या गावात धर्मवर्ग शाळेच्या इमारतीतच भरत. लहान वर्गांना आठवड्यातून तीस मिनिटे, मोठ्या वर्गांना पंचेचाळीस मिनिटे. पालकांची संमती घेतली जाई. शिक्षकांचा पगार धार्मिक संघटना देत. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा तिन्ही समाजांना वर्ग घेण्याची मुभा होती. प्रत्यक्षात ज्यू मुलांचे वर्ग कित्येक वर्षे भरलेच नव्हते, ही नोंद न्यायालयाच्या निकालात आहे. नियम सर्वांना सारखा होता आणि तरीही त्याचा लाभ ज्यांची संख्या मोठी त्यांनाच मिळत होता.

व्हॅश्टी मॅक्कॉलम या मातेने आपल्या मुलाला या वर्गाला पाठवले नाही. बाकीची मुले धर्म शिकत असताना त्याला वेगळे बसवले जाई. शिक्षा झालेल्या मुलासारखे एकटे बसणे आणि सवंगड्यांची टिंगल त्याच्या वाट्याला आली. आईने शाळा मंडळाला न्यायालयात खेचले. ८ मार्च १९४८ रोजी ‘मॅक्कॉलम विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. करदात्यांच्या पैशातून उभी राहिलेली इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाची यंत्रणा धर्मप्रसारासाठी वापरता येणार नाही, असे न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले.

वर्गात वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कारणे वेगळी, देश वेगळा; पण लहान वयात ‘तू यांच्यातला नाहीस’ हे शाळेकडून ऐकायला मिळणे कसे असते, हे आपल्या घरांना माहीत आहे.

१९५२ : इमारतीबाहेर असेल तर चालेल

चार वर्षांनी न्यूयॉर्कचा खटला आला. तेथे मुले आठवड्यातून एक तास शाळेबाहेर, आपापल्या धार्मिक केंद्रात जात. ‘झोराक विरुद्ध क्लॉसन’ या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत वैध ठरवली. निकाल न्या. विल्यम डग्लस यांनी लिहिला. यातून तीन अटी पक्क्या झाल्या. पालकांची संमती हवी. वर्ग शाळेच्या आवाराबाहेर हवा. सरकारी पैसा त्यावर खर्च होता कामा नये.

विरोधी मत देणाऱ्यांत न्या. रॉबर्ट जॅक्सन होते. शाळेत येणे सक्तीचे आहे आणि चर्चला जाणाऱ्यालाच या सक्तीतून तासभर सूट मिळते. मग न जाणाऱ्यासाठी शाळा तेवढा वेळ कोंडवाड्यासारखी ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बहुमताने ते मान्य केले नाही. आजही ‘रिलीज्ड टाइम’चा कायदेशीर पाया हाच १९५२ चा निकाल आहे. त्या खटल्यात श्रेयांकाचा मुद्दा मात्र नव्हता.

१९८१ : कोणता धर्मवर्ग ‘पुरेसा शैक्षणिक’?

श्रेयांकाचा मुद्दा युटातील लोगन शहरातून पुढे आला. तेथे हायस्कूलचे विद्यार्थी शेजारच्या मॉर्मन सेमिनरीत जात. बायबलचा जुना करार आणि नवा करार यांच्या वर्गांना शाळा ऐच्छिक विषयाचा श्रेयांक देई. मॉर्मन पंथाच्या स्वतःच्या शिकवणुकीच्या वर्गांना मात्र देत नसे. पहिला अभ्यास सर्वसाधारण आणि दुसरा सांप्रदायिक, असा शाळेचा निकष होता.

‘लॅनर विरुद्ध विमर’ या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने १९८१ मध्ये मोकळीक वैध ठरवली. पण श्रेयांक देण्याची ही रीत घटनाबाह्य ठरवली. धर्मवर्गात काय शिकवले जाते, त्यात पंथ किती आणि अभ्यास किती, हे तपासायला सरकारी अधिकारी बसला तर राज्य धर्माच्या कारभारात गुंतते, असे कारण दिले. हजेरीच्या चिठ्ठ्या गोळा करायला शाळेने आपले विद्यार्थी सेमिनरीत पाठवण्यासही न्यायालयाने मनाई केली.

त्याच निकालात एक फट राहिली. राज्य खासगी धार्मिक शाळांचे अभ्यासक्रम जसे तासांची संख्या आणि शिक्षकांची पात्रता एवढेच पाहून मान्य करते, तसे सर्वच बाहेरच्या वर्गांना एकसारखे मान्य केले किंवा सर्वांनाच नाकारले, तर घटनेची अडचण येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. युटाने पुढे श्रेयांक न देण्याचा मार्ग धरला. दुसऱ्या काही राज्यांनी त्या फटीतून वाट काढली.

२००६ ते २०१२ : दक्षिण कॅरोलिनाचा मार्ग

दक्षिण कॅरोलिनाने २००६ मध्ये खास कायदा केला. धर्मवर्गासाठी जास्तीत जास्त दोन ऐच्छिक श्रेयांक देण्याचा अधिकार शाळा मंडळांना मिळाला. मूल्यमापन फक्त धर्मनिरपेक्ष निकषांवर करायचे होते : किती तास शिकवले, अभ्यासक्रमाची रूपरेषा आहे का, परीक्षा कशी घेतली, शिक्षकाची पात्रता काय. आशय कोणत्या धर्माचा वा पंथाचा आहे, ही कसोटी लावायची नाही, असेही कायद्यात लिहिले.

स्पार्टनबर्ग येथे हे प्रत्यक्षात आले. तेथील बायबलवर्ग चालवणाऱ्या संस्थेला स्वतःची शैक्षणिक मान्यता नव्हती. तिने एका मान्यताप्राप्त खासगी ख्रिस्ती शाळेशी करार केला. बायबलवर्गाचे गुण त्या खासगी शाळेच्या नावावर नोंदले जात आणि शाळा बदलून आलेल्या मुलाचे जुने गुण स्वीकारावेत तसे सरकारी शाळा ते स्वीकारी.

काही पालक आणि ‘फ्रीडम फ्रॉम रिलीजन फाउंडेशन’ ही संस्था न्यायालयात गेली. ‘मॉस विरुद्ध स्पार्टनबर्ग’ या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये शाळा मंडळाच्या बाजूने निकाल दिला. मंडळ स्वतः काही शिकवत नाही, आशय तपासत नाही, पालकांच्या इच्छेला जागा करून देते एवढेच, असे न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपील सुनावणीस घेतले नाही.

हा मार्ग इतरांनीही धरला. ओहायोने २०१४ मध्ये दोन श्रेयांकांपर्यंत मुभा देणारा कायदा केला. अलाबामाने २०१९ मध्ये शाळा मंडळांना ऐच्छिक श्रेयांकाची परवानगी दिली.

आजची लाट

गेल्या काही वर्षांत हा विषय पुन्हा तापला आहे. ओहायोत २०१८ मध्ये स्थापन झालेली ‘लाइफवाइज अकॅडमी’ ही ख्रिस्ती संस्था अनेक राज्यांत शाळकरी मुलांसाठी असे वर्ग चालवते. तिचा भर लहान वर्गांवर असल्याने तेथे श्रेयांकाचा प्रश्न सहसा येत नाही. पण तिच्या विस्ताराबरोबर राज्यांचे कायदे बदलू लागले. पूर्वी शाळा मंडळाने परवानगी ‘द्यावी की नाही’ हे मंडळावर सोडलेले असे. इंडियानाने २०२४ मध्ये पालकांनी मागितल्यास परवानगी देणे शाळांना बंधनकारक केले. ओहायोच्या जानेवारी २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या कायद्याने प्रत्येक शाळा मंडळाला असे धोरण करणे भाग पाडले.

याच ओहायोत, मेरीसव्हिल येथे, ‘सेटॅनिक टेम्पल’ या संघटनेने २०२४ मध्ये आपला वर्ग सुरू केला. ही संघटना सैतानाच्या अस्तित्वावर विश्वास ठेवत नाही. राज्याने एका धर्माला झुकते माप देऊ नये, यासाठी ती झगडते. तिचे म्हणणे सरळ होते : दार उघडले असेल तर ते सर्वांसाठी उघडे हवे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. धर्म पाहून परवानगी देण्याचा अधिकार शाळेला नाही.

श्रेयांकाच्या बाजूने काय म्हटले जाते?

बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. धार्मिक शाळेतून बदली होऊन आलेल्या मुलाचे धर्मविषयाचे गुण सरकारी शाळा स्वीकारते. मग रोज एक तास तोच अभ्यास करणाऱ्या मुलाला का नाकारायचे? खासगी शाळेचे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबालाही आपल्या धर्माच्या शिक्षणाचा हक्क आहे. शिवाय श्रेयांक नसेल तर धर्मवर्गाला जाणारे मूल ऐच्छिक विषयांत मागे पडते, म्हणजे श्रद्धेची किंमत त्याला मोजावी लागते.

विरोधात काय म्हटले जाते?

सरकारी सही देण्यापूर्वी आशय तपासला तर राज्य धर्माचे परीक्षक बनते. लोगनच्या खटल्यात हे दिसले. आशय न तपासता सही दिली तर आत काय शिकवले जाते, याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. गणिताचे गुण चुकले तर पेपर पुन्हा तपासता येतो. श्रद्धेच्या वर्गात ‘चूक’ कोण ठरवणार?

दुसरा मुद्दा अल्पसंख्याकांचा. दक्षिण कॅरोलिनासारखी सोय उभी करायला शाळेजवळ जागा, रोज वेळ देणारा पात्र शिक्षक आणि गुण नोंदवून घेणारी मान्यताप्राप्त शाळा लागते. एखाद्या शहरात दहा-वीस बौद्ध कुटुंबे असतात आणि त्यांची मुले वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली असतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आंबेडकरी कुटुंबांची स्थिती बऱ्याच ठिकाणी अशीच आहे. कायद्याने त्यांनाही तोच हक्क आहे. पण त्यांची मुले धम्म शिकतात ती सुटीच्या दिवशी, कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या सभागृहात. शँपेनमधील ज्यू वर्गांचे जे झाले, तेच येथे होण्याची शक्यता अधिक.

भारतात काय? कलम २८ आणि बाबासाहेब

मॅक्कॉलम निकाल आला त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९४८ रोजी, आपल्या संविधान सभेत याच प्रश्नावर चर्चा झाली. मसुद्यातील तेव्हाचे कलम २२ म्हणजे आजचे कलम २८. संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हा त्याचा पाया. धर्मादाय न्यासाने स्थापन केलेल्या, पण राज्य चालवत असलेल्या संस्थांना त्यात अपवाद आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण असेल तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला बसवता येत नाही.

सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको, याची तीन कारणे बाबासाहेबांनी सभागृहात दिली. पहिले कराचे. जिल्हा बोर्ड सर्वांकडून कर घेते. मग बहुसंख्य मुलांच्या धर्माचे शिक्षण त्यातून दिले तर इतरांना परक्या धर्मासाठी पैसे भरावे लागतील. दुसरे धर्मांच्या संख्येचे. त्यांनी मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळेचे उदाहरण घेतले. तेथे हिंदू, ख्रिस्ती, पारशी, ज्यू मुले असतील. पुढे सनातनी, शैव, वैष्णव, बौद्ध, जैन असे भेद असतील. सर्वांना समान पातळीवर धर्मशिक्षण देणे राज्याला अशक्य आहे. तिसरे कारण सर्वांत परखड होते : मोक्षाचा खरा मार्ग आपलाच, असा प्रत्येक धर्माचा दावा असल्याने या देशातील धर्म परस्परसंबंधांत समाजविघातक ठरतात, शाळेत हा वाद आणला तर तेथील शांतता भंग पावेल.

मसुद्यात तिसरे पोटकलमही होते. शाळेच्या वेळेबाहेर एखाद्या समाजाने आपल्या मुलांना शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देण्यास आडकाठी नसेल, असा त्याचा आशय होता. अंतिम कलम २८ मध्ये ते पोटकलम नाही.

धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण

याचा अर्थ धर्म हा विषय शाळा-महाविद्यालयांतून हद्दपार आहे, असा नाही. १९७१ च्या डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही सर्व धर्मांची ओळख करून देणे आणि एका धर्माची दीक्षा देणे यांत न्यायालयाने फरक केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६३ मध्ये शाळेतील बायबलवाचन रद्द करताना धर्माच्या वस्तुनिष्ठ अभ्यासाला मोकळीक ठेवली होती.

आज आपल्याकडे हा फरक अधिक महत्त्वाचा झाला आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शिक्षणाचे सुमारे तीस तास म्हणजे एक श्रेयांक असे माप आहे आणि वर्गाबाहेरच्या शिक्षणालाही श्रेयांक देण्याची कल्पना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यांना एकूण श्रेयांकांच्या किमान पाच टक्के श्रेयांक ‘भारतीय ज्ञान प्रणाली’तून घेण्यास प्रोत्साहन द्यायचे आहे. या नावाखाली काय शिकवले जाते, त्यात पाली, तिपिटक, नालंदा, अजिंठा, धर्मकीर्तीचे तर्कशास्त्र यांना किती जागा आहे आणि एखाद्या धर्माचे कर्मकांडच ‘ज्ञान’ म्हणून मांडले जात आहे का, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

कोणत्याही धोरणाला विचारायचे प्रश्न

आपल्या महाविद्यालयात, शाळेत वा परदेशातील आपल्या शाळा मंडळात असा प्रस्ताव आला तर पुढील प्रश्न विचारावेत.

१. त्या तासाला मागे राहणारे मूल काय करते? त्याला खरा अभ्यास मिळतो की नुसते बसवून ठेवले जाते?

२. पैसा, इमारत, शिक्षक, हजेरी यांपैकी सरकारचे काय काय वापरले जाते?

३. गुण कोण देते आणि कशाचे देते : माहितीचे की श्रद्धेचे?

४. सर्वांत लहान समाजाला ही सोय प्रत्यक्षात वापरता येते का, की फक्त कागदावर आहे?

५. नकार देणाऱ्या पालकाचे नाव वर्गात उघड होते का?

या कसोट्या आपल्याला लाभ होणार असेल तेव्हाही लावायच्या आहेत. विहारातील धम्मवर्गाला श्रेयांक मागितला तर उद्या प्रत्येक धर्मवर्गाला तो द्यावा लागेल, आणि बहुतेक गावांत पहिला वर्ग आपला नसेल.

धम्मवर्गाच्या दृष्टीनेही विचार करावा. पंचशील तोंडपाठ म्हटले म्हणून गुण देता येतील. ते पाळले की नाही, याचे गुण कोणता परीक्षक देणार? धम्मवर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे स्वागत व्हायला हवे. गुण हातात असलेल्या शिक्षकासमोर मूल तेवढ्या मोकळेपणाने प्रश्न विचारत नाही.

आग्रह धरायचाच असेल तर तो पाली भाषा, बौद्ध तत्त्वज्ञान, बौद्ध कला आणि आंबेडकरी विचार यांच्या खुल्या अभ्यासक्रमांसाठी धरावा. ते कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला घेता येतात, त्यांची परीक्षा ज्ञानाची असते आणि चुकलेला पेपर पुन्हा तपासता येतो. विहारातला रविवारचा वर्ग मात्र आपण आपल्या वेळेत, आपल्या पैशाने आणि आपल्या जबाबदारीवर चालवावा. त्याची नोंद गुणपत्रिकेत झाली नाही म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.